स्लीपओव्हरच्या आधी विचारायचा प्रश्न

मुलाच्या वार्षिक चेकअपला गेलं की रिसेप्शनवर एक क्लिपबोर्ड हातात ठेवतात, त्यावर दोन पानी फॉर्म असतो आणि तो मी दरवर्षी एका हाताने फोन बघत भरते. सायकल चालवताना हेल्मेट घालतो का, हो. घरात स्मोक डिटेक्टर आहे का, आहे (बॅटरी कधी बदलली ते विचारू नका). घरात कोणी सिगरेट ओढतं का, नाही. घरात बंदूक आहे का, नाही. पान उलटा. यंदा डॉक्टरीणबाईंनी तो फॉर्म चक्क वाचला आणि मुलाच्या कानात बॅटरी मारता मारता अगदी सहज म्हणाल्या, "आणि हा ज्यांच्याकडे खेळायला जातो त्यांच्याकडे?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे त्यांच्याकडे बंदूक आहे का, असली तर कुठे ठेवतात, विचारलंय कधी?"

नव्हतं विचारलं. शेंगदाण्याची ॲलर्जी मी जगाला ओरडून सांगितलीय, कुत्रा चावतो का विचारलंय, पूलला कुंपण आहे का तेही विचारलंय. अमेरिकेत अकरा वर्षं झाली, फिलाडेल्फियाच्या बाहेर घर घेतलं, पोरगं पहिलीत असताना शाळेतून येऊन लॉकडाऊन ड्रिलमध्ये (शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसला तर काय करायचं त्याचा सराव) टेबलाखाली कसं गप्प बसायचं त्याचं प्रात्यक्षिक आम्हाला दाखवून गेलं आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती, तरी हा एवढा साधा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. सगळी भीती शाळेत घुसणाऱ्या कुणा माथेफिरूची, मित्राच्या बाबांच्या पलंगाशेजारच्या ड्रॉवरची काहीच नाही.

आणि त्याच शनिवारी स्लीपओव्हर होतं, म्हणजे मित्राकडे रात्री राहायला जायचं होतं.

नवरा म्हणाला, "अगं असं कसं विचारणार, इथे लोक याबाबतीत किती हळवे असतात माहितीये ना तुला, उगाच पोराची मैत्री तुटेल." त्याचंही खरं होतं. इथे बंदुकीबद्दल विचारणं म्हणजे तुम्ही कोणाला मत देता असं विचारल्यासारखंच वाटतं. मी मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला, त्यात आधी हवामान घातलं, मग "राग मानू नका पण" घातलं, मग तेही काढलं. शेवटी जो गेला तो असा की, हा पहिल्यांदाच रात्री बाहेर राहतोय, त्याला शेंगदाणे चालत नाहीत, झोपताना पॅसेजमधला दिवा लागतो, आणि मी सगळ्यांनाच विचारते (थाप! आयुष्यात पहिल्यांदा विचारत होते), घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?

ते तीन ठिपके हलत राहिले आणि थांबले आणि परत हलायला लागले. तेवढ्यात मी भांडी दोनदा विसळली.

उत्तर आलं की हो, तीन आहेत, नवरा हरणांच्या शिकारीला जातो, तळघरात सेफ आहे, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि विचारलंस ते बरं केलंस, आजवर कोणी विचारलं नव्हतं. आणि त्याखाली, तुमच्याकडे औषधं कुठे ठेवता?

आमच्याकडे औषधं किचनच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या शेजारी. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, माझ्या थायरॉइडच्या, नवऱ्याचं पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हाच्या उरलेल्या पेनकिलर, सगळं सात वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर. मी तिला खरं सांगितलं. रविवारी कुलूपवाला डबा आणला. म्हणजे बंदुकीवरून दुसऱ्याची झडती घ्यायला गेले आणि झडती माझी झाली.

तर मी ना डॉक्टर ना पब्लिक हेल्थवाली, दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणारी बाई आहे, पण आकडे दिसले की मला राहवत नाही. त्या आठवड्यात रात्री जागून जेवढं सापडलं तेवढं वाचलं. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली. त्यातले खून १७,९२७. आणि आत्महत्या २७,३००. मी ही ओळ दोनदा वाचली कारण मला वाटलं कॉलम उलटसुलट झालेत. टीव्हीवर जे दिसतं, मॉलमधला गोळीबार, शाळेतला गोळीबार, ते एकूण मृत्यूंच्या एखाद-दोन टक्के, आणि निम्म्याहून जास्त मृत्यू हे कुणाच्या तरी घरात, बंद दाराआड, एकट्याने. त्यांच्या बातम्या होत नाहीत, आणि त्या छापू नयेत तेच बरं म्हणा, पण मग आपल्या डोक्यातलं चित्र पूर्ण चुकीचं राहतं. आणि २०२० पासून इथे १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे. त्याआधी अनेक दशकं तो नंबर गाड्यांचा होता.

गाड्यांचं उदाहरण या विषयात सगळेच देतात, मीही देणार, कारण ते खरंच चपखल आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत रस्त्यावर पन्नास हजारांवर लोक मेले, दर दहा कोटी मैलांमागे साडेपाच माणसं. तोवर सगळ्यांचं म्हणणं एकच, ड्रायव्हर बेशिस्त आहेत, त्यांना शिकवा. त्या वर्षी नवीन कायदा आला आणि रस्ते सुरक्षेच्या नव्या सरकारी खात्याचा पहिला प्रमुख झाला विल्यम हॅडन नावाचा डॉक्टर. त्याने विचार असा मांडला की माणूस चुकणारच हे धरून चाला, मग चुकला तरी मरणार नाही असं काय करता येईल ते बघा, धडकेच्या आधी काय, धडक होताना काय, धडकेनंतर काय, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस, गाडी आणि रस्ता असं वेगवेगळं तपासा. बेल्ट आले, काच बदलली, स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसायचा तो दबेल असा केला, रस्त्याकडेचे खांब आदळल्यावर मोडतील असे केले. आज तो साडेपाचचा आकडा सव्वाच्या आसपास आहे. गाड्या कोणी काढून घेतल्या नाहीत. आणि हो, ड्रायव्हर अजूनही बेशिस्तच आहेत, आमच्या हायवेवर येऊन बघा.

बंदुकीच्या बाबतीत हेच करायचं म्हटलं की लोक दोन बाजूंना जाऊन बसतात आणि मधली जागा रिकामी राहते. पब्लिक हेल्थवाले त्या मधल्या जागेत काम करतात. वाईट माणूस कोण हे ते शोधत नाहीत, हात आणि चाप यांच्यामध्ये काय घालता येईल ते शोधतात. कुलूप, अंतर, वेळ, दुसरं माणूस, काहीही.

वेळेचं मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्यासकट बहुतेकांना वाटतं की ज्याला मरायचंच आहे तो काही ना काही करणारच, त्याला कोण अडवणार. तसं नाहीये. ती टोकाची अवस्था बऱ्याचदा फार थोडा वेळ टिकते, काहींच्या बाबतीत अक्षरशः मिनिटं, आणि ती टळली की माणूस जगतो. प्रयत्नातून वाचलेल्या दर दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. बंदुकीचा प्रश्न हा की ती दुसरी संधी जवळजवळ देतच नाही. म्हणजे माणसाचं मन एका रात्रीत बदलायचं काम तुमच्यावर नाहीये, ती रात्र त्याच्या हाताशी ती वस्तू नसेल एवढंच बघायचंय. (अमेरिकेत कोणी हे वाचत असेल आणि स्वतःबद्दल किंवा घरातल्या कोणाबद्दल काळजी वाटत असेल तर ९८८ वर फोन किंवा मेसेज, कुठल्याही वेळी. दुसऱ्या देशात असाल तर तिथली हेल्पलाइन असते. मी पुढे बोलेनच पण हे आधी.)

इस्रायलच्या सैन्याची गोष्ट ऐका. अठरा ते एकवीस वयाची पोरं, सक्तीची भरती, सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर. २००६ मध्ये त्यांनी नियम केला की शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला घरी जाताना हत्यार युनिटमध्येच ठेवायचं. त्यानंतर आत्महत्या साधारण ४० टक्क्यांनी उतरल्या. आणि उतरल्या त्या सुट्टीच्या दिवसांतल्या, आठवड्याच्या मधल्या दिवसांत फारसा फरक नाही. म्हणजे रायफल नाही म्हणून रविवारपर्यंत थांबून कोणी काही केलं असंही झालं नाही, जे टळलं ते टळलंच. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून नुसतीच बसले होते थोडा वेळ.

दुसरी गोष्ट न्यू हॅम्पशायरची. २००९ मध्ये तिथल्या एका बंदुकीच्या दुकानातून, आठवड्याभराच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन गिऱ्हाइकांनी बंदूक घेतली आणि तिघेही काही तासांतच आत्महत्येने गेले. दुकानाच्या मालकाला हे कळलं तेव्हा तो हादरला. कागदपत्रं सगळी व्यवस्थित होती, कायद्याने त्याची काही चूक नव्हती. पण त्याने पब्लिक हेल्थच्या लोकांना हाकललं नाही, त्यांच्यासोबत टेबलावर बसला. मग दुकानदार, गन क्लबवाले आणि संशोधक असे मिळून त्यांनी पोस्टर आणि छोटी पत्रकं केली, गिऱ्हाईक कसं ओळखायचं याच्या सूचना केल्या, म्हणजे कधीच बंदूक न हाताळलेला माणूस येतो, कुठली हवी याची त्याला पर्वा नाही, देखभालीबद्दल एक प्रश्न नाही, थोडीशीच काडतुसं मागतो, तर विकू नका, गप्पा मारा. आणि बंदूकवाल्यांचे जे सुरक्षेचे दहा नियम असतात, दशाज्ञा म्हणतात ते त्यांना, त्यात अकरावी आज्ञा घातली की घरातलं कोणी खचलेलं असेल तर बंदूक तात्पुरती घराबाहेर ठेवा. दारू प्यायलेल्या मित्राची गाडीची किल्ली काढून घेतो ना आपण, तसं. पुढे राज्यातल्या जवळपास निम्म्या दुकानांत ती पत्रकं लागली. मला यात आवडलं काय तर कोणी कोणाला शहाणपण शिकवलं नाही, ज्याच्या हातात काउंटर त्याच्याच हातात कामही दिलं.

आता एवढं साधं आहे तर मग हे सगळं इतक्या उशिरा का, तर त्याला कारण आहे, आणि ते वाचून चिडचिड होते. १९९३ मध्ये आर्थर केलरमन वगैरे डॉक्टरांचा अभ्यास आला की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून व्हायची शक्यता कमी नाही, उलट पावणेतीन पटीच्या आसपास जास्त दिसते. गन लॉबी खवळली. १९९६ मध्ये अर्कान्सासचे खासदार जे डिकी यांनी बजेटमध्ये एक ओळ घुसवली की सीडीसीने (सरकारची रोगनियंत्रण संस्था) दुखापती टाळण्याच्या कामाचा पैसा गन कंट्रोलच्या प्रचाराला वापरायचा नाही. आता प्रचार आणि संशोधन यात फरक आहे, पण सोबत बरोबर २६ लाख डॉलर, म्हणजे आदल्या वर्षी या संशोधनावर जेवढे खर्च झाले होते तेवढेच, दुसरीकडे वळवले, आणि ऑफिसात काम केलेल्या कुणालाही कळेल की असा निरोप आल्यावर पुढची वीस वर्षं त्या विषयाला कोण हात लावणार. गंमत म्हणजे डिकी आणि सीडीसीतले त्यांचे विरोधक मार्क रोझेनबर्ग पुढे चांगले मित्र झाले आणि २०१२ मध्ये दोघांनी मिळून वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं की संशोधन व्हायला हवं. फेडरल पैसा पुन्हा यायला २०२० चं बजेट उजाडलं, २.५ कोटी डॉलर, सीडीसी आणि एनआयएच (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) निम्मे निम्मे. फ्लोरिडाने तर २०११ मध्ये कायदाच केला की डॉक्टरने पेशंटला विनाकारण बंदुकीबद्दल विचारायचं नाही. तो कोर्टात पडायला २०१७ उजाडलं. म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारता मारता जो प्रश्न विचारला तो विचारायचा हक्क एका राज्यात सहा वर्षं कोर्टात भांडत होता.

२०२४ च्या जूनमध्ये तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्तींनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्याचं संकट आहे असं अधिकृत पत्रक काढलं, पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर ते सरकारी वेबसाइटवरून काढून टाकलं. यावर मी आणखी काही लिहीत नाही, कमेंटमध्ये भांडणं होतात.

आत्महत्येचं झालं, पण खून तर आहेतच, आणि फिलाडेल्फियाजवळ राहून त्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. २०२१ मध्ये या शहरात ५६२ खून झाले, बहुतेक सगळे बंदुकीने. आमच्या गावातून ट्रेनने चाळीस मिनिटं. मागच्या वसंतात ऑफिसच्या व्हॉलंटिअर डेला आम्हाला नॉर्थ फिलाडेल्फियात एका रिकाम्या प्लॉटवर नेलं होतं, मला वाटलं झाडं लावायची, फोटो काढायचे, पिझ्झा खायचा. रांगेतल्या घरांमधलं एक घर पडलेलं, दात पडल्यासारखी फट, आणि त्या फटीत कमरेइतकं गवत, टायर, गादी, फुटलेला कमोड. आम्ही आठ जणांनी अर्धा दिवस नुसता कचराच काढला. शेजारच्या पायरीवर बसलेली आजी सगळ्यांवर नजर ठेवून होती, जरा वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, काठीने आधी हलव गवत, हात घालू नको." मला वाटलं साप. ती म्हणाली, "साप कुठला, पिस्तूल." पोरं अंगावर ठेवत नाहीत, पोलिसांनी धरलं तर नको म्हणून, गवतात लपवतात आणि लागलं की धावत येऊन काढतात.

नंतर कळलं की यावर या शहरातच चांगला मोठा प्रयोग झालाय. चार्ल्स ब्रानस आणि त्यांच्या टीमने ५४१ रिकामे प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले, काहींवर कचरा काढून गवत पेरलं, चार झाडं लावली आणि बुटकं लाकडी कुंपण घातलं, काहींचा नुसता कचरा काढून गवत कापलं, आणि काही तसेच सोडले. औषधाची ट्रायल करतात तशी, फक्त पेशंटच्या जागी प्लॉट. २०१८ मध्ये निकाल छापला, गरिबीरेषेखालच्या वस्त्यांमध्ये गोळीबार २९ टक्क्यांनी कमी. प्लॉटमागे खर्च साधारण १६०० डॉलर. कुंपण तर इतकं बुटकं की माझा मुलगाही ओलांडेल, ते अडवायला नाहीच, ही जागा कोणाची तरी आहे एवढं सांगायला. पोलीस वाढवले नाहीत, कोणाला तुरुंगात टाकलं नाही. मला हा अभ्यास इतका आवडला की मी नवऱ्याला रात्री साडेअकराला उठवून सांगितला, तो म्हणाला छान, आणि कुशीवर वळला.

असंच एक वेल्समधलं, कार्डिफचं. जोनाथन शेपर्ड नावाचे तोंडाचे आणि जबड्याचे सर्जन, रात्री पबबाहेर फुटलेले जबडे शिवून शिवून कंटाळले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे मारहाण होऊन येतात त्यातले बरेचसे पोलिसांकडे जातच नाहीत, म्हणजे पोलिसांच्या नकाशावर या जागा नाहीतच. मग इमर्जन्सीच्या रिसेप्शनवर नाव वगळून फक्त कुठे, केव्हा, कशाने एवढं टिपून घ्यायचं आणि ते शहराला द्यायचं. कुठल्या पबबाहेर, कुठल्या वेळी, ग्लासने की चाकूने. ग्लास कडक काचेचे करा, रस्ता त्या वेळी बंद ठेवा, बस वाढवा. त्यांच्यासारख्याच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये मारहाणीने ॲडमिट होणारे साधारण ४२ टक्के कमी झाले. ते बंदुकीचं शहर नाही, पण पद्धत तीच आणि आता अमेरिकेतल्या काही शहरांनीही ती घेतलीय. इथे माझ्यातली एक्सेलवाली फार सुखावली हो, तीन कॉलमची शीट, एवढंच!

सगळंच असं गोड नाही. शिकागोचे गॅरी स्लटकिन, हे साथीच्या रोगांचे डॉक्टर, आफ्रिकेत कॉलरा, एड्सवर काम करून परतले आणि १९९५ नंतर म्हणायला लागले की गोळीबाराचा नकाशा कॉलऱ्याच्या नकाशासारखा दिसतो, एका केसमधून दुसरी फुटते. मग तोच उपाय, फुटण्याआधी साखळी तोडा. त्यासाठी वस्तीतलीच माणसं, पूर्वी स्वतः टोळीत असलेली, तुरुंगात जाऊन आलेली, ज्यांचं पोरं ऐकतात अशी. कोणाचा भाऊ मारला गेला की हे त्या रात्रीच हॉस्पिटलच्या बाहेर जाऊन उभे, सूड घ्यायला निघालेल्या पोराला गाडीत बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला जेवायला घेऊन जातात, सकाळ होईपर्यंत. परत तेच, वेळ काढणं. कल्पना मला पटते, पण निकाल कुठे चांगले कुठे नाहीत, बाल्टिमोरमध्ये एकाच कार्यक्रमाच्या वेगवेगळ्या वस्त्यांत वेगवेगळे आले. पगार तुटपुंजा, ग्रँट संपली की माणसं घरी, आणि दोन वर्षं कमावलेला विश्वास गेला. साथ आटोक्यात आली म्हणून लसीकरण बंद केल्यासारखं. फिलाडेल्फियात २०२४ ला खून २६९ वर आले, २०२१ च्या निम्म्याहून कमी. कशामुळे म्हणाल तर श्रेय घ्यायला रांग लागलीय, आणि कोविडनंतर सगळ्या देशातच आकडे उतरलेत, त्यामुळे एकाच कुणाला हार घालणं अवघड आहे.

आणि हॅडनच्या यादीतलं ते धडकेनंतरचं काय, तर या शहराची एक गोष्ट मला इथे येईपर्यंत माहीत नव्हती. गोळी लागलेल्या माणसासाठी इथले पोलीस ॲम्ब्युलन्सची वाट बघत नाहीत, सरळ आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर घालतात आणि सायरन वाजवत ट्रॉमा सेंटरला. अनेक दशकं चाललंय, अशा निम्म्याहून जास्त जखमींना पोलीसच आणतात. ट्रीटमेंट शून्य, फक्त मिनिटं वाचवायची.

तर या सगळ्या वाचनाचा परिणाम म्हणून मी आमच्या काउंटीच्या हेल्थ फेअरला कुलपांच्या टेबलावर दोन तास बसायला तयार झाले. फुकट वाटायची केबल लॉक. मी आयुष्यात पहिल्यांदा ते हातात घेतलं तर सायकलचं कुलूप! प्लॅस्टिकचं आवरण असलेली हातभर स्टीलची तार, टोकाला छोटं कुलूप, दोन किल्ल्या. हे कसं लावतात हेही मला येत नव्हतं, सोबतीला शिकारी टोपी घातलेले एक काका होते, रिटायर्ड, त्यांनी निळ्या प्लॅस्टिकच्या खोट्या पिस्तुलावर करून दाखवलं. आधी मॅगझिन काढायचं. मग वरची स्लाइड मागे ओढून आत गोळी नाही ना ते डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं, "दोन्ही, कारण डोळे खोटं बोलतात." मग तार वरच्या फटीतून आत घालून मॅगझिनच्या जागेतून खाली काढायची आणि कुलूप लावायचं. आता स्लाइड पुढे येतच नाही, मध्ये तार आहे. "आणि किल्ली?" मी विचारलं. काका म्हणाले, "पिस्तुलाच्या खोक्यात ठेवू नकोस म्हणजे झालं. लोक हमखास तिथेच ठेवतात."

दोन तासांत एकतीस कुलपं गेली. बंदुकीच्या बाजूने आहात की विरोधात असं एकानेही विचारलं नाही. एक बाई तीन घेऊन गेली, एक स्वतःला आणि दोन भावाला, तो सध्या बरा नाहीये म्हणाली, आणि त्याला काय सांगून देऊ असं विचारलं. मला काही सुचेना. काका म्हणाले, सांग की माझ्याकडे जागा आहे, तुझं सामान थोडे दिवस मी सांभाळते. पण देण्याआधी आपल्या राज्यात कोणाकडे ठेवलेलं चालतं ते विचारून घे, दुकानदार सांगतील. ती मान हलवून गेली.

तरुण बाप एक आला, खांद्यावर पोर, म्हणाला आमचा चार वर्षांचा आहे, त्याला माहीतच नाही कुठे ठेवलीय, कुलूप नको. यावर माझ्याकडे तयार उत्तर होतं कारण मी तो अभ्यास वाचला होता, आईबाप म्हणतात मुलाला जागा माहीत नाही आणि मुलाला वेगळं विचारलं तर दहातली जवळजवळ चार मुलं माहीत आहे म्हणतात. हे मी त्याला सांगितलं, फार हुशारीने सांगितलं बहुतेक, कारण त्याचा चेहराच मिटला आणि तो निघून गेला. काका नंतर म्हणाले, आकडा नंतर सांगायचा, आधी पोराचं नाव विचारायचं. दिवसभर खटकत राहिलं ते. आमच्या राज्यात घरातली बंदूक कुलपात ठेवा असा कायदा नाही, म्हणजे त्याने ते कुलूप न्यावं म्हणून माझ्याकडे माझ्या बोलण्याशिवाय काहीच नव्हतं.

या महिन्यात परत स्लीपओव्हर झालं, त्याच मित्राकडे. आता मी निर्धास्त. तळघर, सेफ, काडतुसं वेगळी, सगळं विचारून झालेलं. रविवारी दुपारी पोरगं परत आलं, अर्धे कपडे तिकडेच विसरून, आणि पोळी खाता खाता सांगायला लागलं की तळघरात केवढं मोठं कपाट आहे आई, हिरवं, त्यावर त्यांनी डायनोसॉरचे स्टिकर लावलेत, त्याचे बाबा ओरडले म्हणे.

मी म्हटलं, उघडं होतं?

"नाही गं. नंबर टाकावा लागतो."

"बरं."

"त्याच्या बहिणीचा बर्थडे आहे तो नंबर. त्याला माहितीये. पण त्याने उघडलं नाही, नुसतं सांगितलं."

मी पोळी तव्यावर तशीच ठेवून फोन घेतला. या वेळी हवामान घातलं नाही आणि राग मानू नका पण असंही लिहिलं नाही, तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. तीन ठिपके आले नाहीत. संध्याकाळ झाली, जेवणं झाली, मी दहा वेळा फोन बघितला, नवरा म्हणाला झालं, तुटली मैत्री.

साडेनऊला तिचा मेसेज आला. नंबर बदललाय. आणि उद्या शाळेतून घेताना त्याचा शर्ट आणि मोजे घेऊन येते.